मूल असे का वागते? : खोडीमागील प्रयोजन शोधण्याची रीत

आपल्या संस्थेच्या सायंकाळच्या अभ्यासिकेत दर वर्षी जून-जुलै महिन्यांत मुलांची नावे नोंदवली जातात आणि दिवाळीनंतर त्यांपैकी काही नावांवर रेघ मारली जाते. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलेले असते, 'मस्ती करतो', 'ऐकत नाही', 'इतरांना अभ्यास करू देत नाही'. शाळांतूनही फारसे वेगळे घडत नाही. तेथे नाव कमी करता येत नाही म्हणून मुलाला वर्गाबाहेर उभे करतात, मागच्या बाकावर बसवतात, पालकांना बोलावणे धाडतात. या उपायांनी मूल सुधारले असे क्वचितच ऐकू येते. तेच मूल, तीच खोडी आणि तीच शिक्षा असा फेरा वर्षभर चालू राहतो. शिक्षा होऊनही खोडी का थांबत नाही, या प्रश्नाला मानसशास्त्राने गेल्या पन्नास-साठ वर्षांत बरेच ठाम उत्तर दिलेले आहे. ते अभ्यासिकेत शिकवणारे आपले कार्यकर्ते, पालक आणि उद्या शिक्षक होऊ पाहणारे विद्यार्थी यांच्यापर्यंत पोचावे, एवढ्यासाठी हा लेख.

कारण आणि प्रयोजन

मूल बिघडले की आपण कारणे शोधू लागतो. बाप दारू पितो, आई दिवसभर कामाला जाते, संगत वाईट आहे, मोबाईलचे वेड लागले आहे. ही कारणे खोटी असतात असे नाही. परंतु बाप दारू पितो म्हणून मुलगा दंगा करतो असे म्हणावे, तर तोच मुलगा मराठीच्या तासाला दंगा करतो आणि चित्रकलेच्या तासाला शांत बसतो, हे कसे? बाप तर दोन्ही तासांना तोच आहे. शिवाय बापाची दारू सोडवणे हे सायंकाळी सात ते नऊ या वेळेत आपल्या हातातले काम नाही.

म्हणून कारणाबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. त्या क्षणी ती कृती करून मुलाच्या पदरात काय पडले, किंवा त्याची कशातून सुटका झाली? यालाच वर्तनाचे प्रयोजन म्हणतात. हे प्रयोजन मुलाला स्वतःला ठाऊक असतेच असे नाही. बहुतेक वेळा तो ठरवून काही करीत नाही. पूर्वी असे वागल्यावर काहीतरी साधले होते, म्हणून तसे वागणे अंगवळणी पडले, इतकेच. वर्तन त्याच्या परिणामांमुळे टिकते किंवा मावळते, हा बी. एफ. स्किनर (१९०४–१९९०) या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विचाराचा गाभा होता. स्किनर यांची सर्वच मते पटण्यासारखी आहेत असे मला वाटत नाही. माणसाच्या मनात काय चालते याला त्यांनी फार कमी जागा दिली. पण वर्गातल्या खोडीपुरता हा सिद्धान्त आजही कामाला येतो.

या विचाराला खरी कसोटी लागली ती विकासात्मक अपंगत्व असलेल्या मुलांच्या बाबतीत. काही मुले स्वतःचे डोके भिंतीवर आपटतात, हात चावून घेतात. अशा सगळ्या मुलांवर एकच उपाय करण्याचा पूर्वी प्रघात होता. एडवर्ड कार यांनी १९७७ साली एक आढावा लिहून दाखवले की, वरून एकसारख्या दिसणाऱ्या या कृतीमागे निरनिराळी प्रयोजने असू शकतात. पुढे १९८२ साली ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रत्यक्ष करून पाहिले. त्यांनी नऊ मुलांना आळीपाळीने चार परिस्थितींत ठेवले. एकीत मुलाने स्वतःला इजा केली की मोठे माणूस जवळ येऊन काळजीने बोलत असे. दुसरीत अभ्यासाचे काम दिले जाई आणि इजा केली की ते थोडा वेळ थांबवले जाई. तिसरीत मूल एकटे असे. चौथीत खेळणी असत, मोठ्या माणसाचा सहवास असे आणि कशाचीही सक्ती नसे. नऊपैकी सहा मुलांच्या बाबतीत असे दिसले की, त्यांचे स्वतःला इजा करणे कुठल्यातरी एका विशिष्ट परिस्थितीत वारंवार वाढते, आणि ती परिस्थिती प्रत्येकाची सारखी नव्हती.

यातून निघालेली गोष्ट साधी, पण आपल्या नेहमीच्या समजुतीला धक्का देणारी आहे. कृतीच्या रूपावरून तिचे प्रयोजन ओळखता येत नाही. दोन मुले वर्गात सारखाच आरडाओरडा करतात. एकाला सर्वांनी आपल्याकडे पाहावे असे वाटत असते, तर दुसऱ्याला कोणी आपल्याकडे पाहू नये असे वाटत असते. दोघांना एकच शिक्षा दिली तर एकाला ती शिक्षा वाटेल आणि दुसऱ्याला बक्षीस.

'खाली बस'

सर्वांच्या परिचयाचे प्रयोजन म्हणजे लक्ष वेधणे. ज्या मुलाकडे चांगले वागताना कोणी पाहत नाही, ते मूल ज्या वागण्याने पाहिले जाते ते वागणे धरून ठेवते. रागावणे हेही लक्षच आहे, हे आपण विसरतो. अमेरिकेत १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिलीच्या वर्गातील शिक्षिकांना जागेवरून उठणाऱ्या मुलांना 'खाली बस' असे नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक वेळा सांगण्यास सांगितले गेले. उठणारी मुले कमी झाली नाहीत, वाढली. शिक्षिकांना वाटे की आपले सांगणे लागू पडते, कारण सांगितल्याबरोबर मूल बसत असे. थोड्याच वेळात ते, किंवा दुसरे कोणी, पुन्हा उठत असे, ही गोष्ट मात्र मोजल्याशिवाय लक्षात आली नाही. नंतर बसून काम करणाऱ्या मुलांचे कौतुक सुरू केले तेव्हा उभे राहण्याचे प्रमाण उतरले.

बँकेच्या काउंटरवर हे रोज पाहायला मिळते. रांगेत शांत उभा असलेला खातेदार उभाच राहतो आणि जो आवाज चढवतो त्याला आत बोलावून त्याचे काम आधी करून दिले जाते. रांगेतले बाकीचे हे पाहत असतात. पुढच्या महिन्यात आवाज चढवणारे दोन होतात. त्यांना उद्धट म्हणणे सोपे आहे. पण तो धडा त्यांना काउंटरच्या अलीकडूनच मिळालेला असतो.

सुटका

आपल्या अभ्यासिकेच्या दृष्टीने दुसरे प्रयोजन मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ते म्हणजे सुटका. नको असलेल्या, न जमणाऱ्या किंवा अपमानाच्या प्रसंगातून बाहेर पडण्याचा मार्ग म्हणून मूल खोडी करते. बाहेरून पाहणाऱ्याला ही मस्ती वाटते.

पाळीपाळीने धडा वाचण्याची पद्धत घ्या. एक मूल उभे राहून चार ओळी वाचते, मग पुढचे, मग त्याच्या पुढचे. ज्याला वाचता येते त्याला यात काहीच वाटत नाही. पण जोडाक्षर आले की अडखळणाऱ्या, सहावीत असून दुसरीचे पुस्तक चाचरत वाचणाऱ्या मुलाला आपली पाळी कितव्या क्रमांकावर आहे हे पहिल्या मिनिटापासून ठाऊक असते. तो मोजत असतो. पाळी दोन मुलांवर आली की त्याची पेन्सिल खाली पडते, तो बाकाखाली शिरतो, पुढच्याचा पाय ओढतो, कोणीतरी ओरडते, आणि ताई किंवा दादा त्याला बाहेर पायरीवर बसवतात. वाचनाची पाळी पुढे निघून जाते. वाचता येत नाही हे चाळीस जणांपुढे उघड होण्यापेक्षा 'मस्तीखोर' हे नाव घेऊन पायरीवर बसणे त्याला परवडते. अकरा-बारा वर्षांच्या मुलाच्या हिशेबात हा सौदा मुळीच वाईट नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. मुलाला बाहेर काढल्यावर शिकवणाऱ्यालाही काही मिळते. खोलीत शांतता होते, धडा पुढे सरकतो, डोके दुखायचे थांबते. म्हणजे मुलाची सुटका झाली आणि शिकवणाऱ्याचीही झाली. दोघांनाही हवे ते मिळाल्यामुळे दोघांचेही वागणे पक्के होते. पुढच्या वेळी मूल अधिक लवकर खोडी काढते आणि शिकवणारा अधिक लवकर बाहेर पाठवतो. अशा रीतीने मार्चपर्यंत त्या मुलाने किती ओळी वाचलेल्या असतात, याचा हिशेब कोणी करीत नाही. अभ्यासिकेच्या यादीतून नाव कमी करणे ही याच फेऱ्यातली शेवटची पायरी आहे. त्यानंतर सुटका कायमची होते. आठवी-नववीत शाळा सोडणाऱ्या आपल्या वस्तीतल्या मुलांशी बोलून पाहावे. 'शाळा आवडत नव्हती' असे ते म्हणतात. थोडे खोलात गेले की एखादा विषय, एखादा तास, फळ्यापुढे उभे राहण्याचा एखादा प्रसंग निघतो.

उरलेली दोन प्रयोजने थोडक्यात सांगतो. काही मुले वस्तू किंवा हवी ती गोष्ट मिळवण्यासाठी त्रास देतात : दुसऱ्याची रंगपेटी, खिडकीजवळची जागा, खेळात पहिली पाळी. हे लहान वयात अधिक आढळते आणि ओळखायला अवघड नसते. काही वर्तनांचा मात्र इतर माणसांशी संबंधच नसतो. पाय हलवणे, पेन तोंडात घालणे, खुर्ची झुलवणे यांतून शरीरालाच काही समाधान मिळते. मूल एकटे असतानाही ते चालू राहत असेल तर हे प्रयोजन समजावे. अशा मुलाला दर वीस मिनिटांनी वह्या वाटण्याचे किंवा फळा पुसण्याचे काम दिले तर पुष्कळदा निभावते.

ही चार नावे पाठ करून प्रत्येक मुलाला एका कप्प्यात टाकू नये, हेही सांगून ठेवतो. पुष्कळदा दोन प्रयोजने एकत्र असतात. कधी भलतेच काही निघते. फळ्यावरचे उतरवून घेताना शेजाऱ्याशी सतत बोलणारे मूल 'बडबड्या' ठरते. वस्तुतः त्याला फळ्यावरचे दिसत नसते आणि ते शेजाऱ्याला विचारत असते. त्याला शिक्षा म्हणून शेवटच्या बाकावर बसवले की काय होईल ते सांगायला नको.

वही कशी ठेवावी

दिवसाअखेर रोकड जुळली नाही तर रोखपाल नोटांवर रागावत नाही. तो व्हाउचर काढून एकेक नोंद तपासतो. प्रयोजन शोधण्याची रीतही अशीच आहे. इंग्रजीत तिला 'एबीसी' नोंद म्हणतात. आपण तिला 'आधी–कृती–नंतर' म्हणू. वहीच्या पानावर तीन रकाने आखावेत आणि डाव्या बाजूस वार व वेळ लिहावी. पहिल्या रकान्यात खोडीच्या लगेच आधी काय चालले होते, मधल्या रकान्यात मुलाने नेमके काय केले, आणि तिसऱ्यात त्यानंतर लगेच काय घडले, हे लिहावे.

मधल्या रकान्यात सर्वांत जास्त घोटाळा होतो. 'उद्धटपणा केला', 'मस्ती केली', 'मुद्दाम त्रास दिला' हे शब्द नोंदीचे नाहीत, निकालाचे आहेत. त्या वेळी खोलीत नसलेल्या माणसाला वाचून प्रसंग डोळ्यांपुढे आला पाहिजे. 'वही जमिनीवर टाकली आणि मी लिहिणार नाही असे मोठ्याने म्हणाला', ही नोंद झाली. तिसऱ्या रकान्यात फक्त आपली शिक्षा लिहून थांबू नये. इतर मुले हसली का, काम थांबले का, कोणी त्याच्याजवळ जाऊन बसले का, हेही लिहावे. शक्यतो शिकवणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणी नोंद ठेवावी. शिकवताना लिहिणे जमत नाही आणि रागाच्या भरात लिहिलेले विश्वसनीय नसते. आपल्याकडे महाविद्यालयात जाणारे विद्यार्थी मदतीला येतात, त्यांना हे काम चांगले जमेल.

वर सांगितलेल्या वाचनाच्या मुलासारख्या मुलाच्या पानावर काय दिसेल, त्याची कल्पना करा :

सोमवार, ७.१०. आधी : मराठीचे पाळीने वाचन, त्याच्या अलीकडे दोन मुले उरली होती. कृती : पेन्सिल टाकली, बाकाखाली गेला, पुढच्याचा पाय ओढला. नंतर : पायरीवर बसवले, पाळी पुढे गेली.

सोमवार, ८.००. आधी : बेरजा-वजाबाक्या, वहीत. कृती : काही नाही, सहा गणिते सोडवली. नंतर : वही तपासली.

बुधवार, ७.१५. आधी : वाचन, पाळी जवळ आली. कृती : पाणी प्यायला जाऊ का असे तीनदा विचारले, नाही म्हटल्यावर शेजाऱ्याला कोपर मारले. नंतर : बाहेर पाठवले.

शुक्रवार, ७.१०. आधी : ताईंनी स्वतः गोष्ट वाचून दाखवली. कृती : शांत बसून ऐकली, मध्ये एक प्रश्न विचारला. नंतर : ताईंनी उत्तर दिले.

खोडी झाली नाही अशा वेळच्या नोंदीही मी मुद्दाम घातल्या आहेत. त्यांच्याशिवाय पान अपुरे राहते. शुक्रवारची नोंद सांगते की त्याला मराठी नको आहे असे नाही, गोष्ट नको आहे असेही नाही. उभे राहून वाचणे नको आहे. सोमवारची आठ वाजताची नोंद सांगते की काम करायला त्याची ना नाही. दोन आठवड्यांच्या अशा नोंदी झाल्या म्हणजे अंदाज बांधता येतो : 'मोठ्याने वाचण्याची पाळी जवळ आली की तो खोडी काढतो, आणि त्यामुळे पाळी टळते.'

हा अजून अंदाजच आहे. तो तपासण्यासाठी एकच गोष्ट बदलून पाहावी. काही दिवस त्याला पाळीतून वगळावे आणि कोपऱ्यात एका मोठ्या मुलाबरोबर हळू आवाजात वाचायला बसवावे. खोड्या उतरल्या तर अंदाज बरोबर. उतरल्या नाहीत तर पुन्हा वहीकडे यावे. एका वेळी दोन-तीन गोष्टी बदलल्या तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही.

खोडीच्या जागी काय द्यावे

प्रयोजन कळले म्हणजे मुलाचे म्हणणे मान्य करून वाचन कायमचे बंद करायचे, असा कोणी अर्थ काढील. तसे केले तर आपणही त्याला न शिकवता सोडून दिल्यासारखे होईल. मुलाला जे हवे आहे ते खोडीशिवाय मिळवण्याची रीत त्याला शिकवावी लागते आणि दुसऱ्या बाजूने मूळ अडचण, येथे वाचन, कमी करीत आणावी लागते.

कार आणि मार्क ड्युरँड यांचा १९८५ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या बाबतीत वाचण्यासारखा आहे. त्यांनी चार मुले निवडली. त्यांपैकी काही काम अवघड असले की बिथरत, काही मोठ्यांचे लक्ष कमी झाले की बिथरत. काम अवघड जाणाऱ्यांना आपल्याला समजले नाही असे सांगून मदत मागायला शिकवले; लक्ष हवे असणाऱ्यांना आपले काम बरे चालले आहे का असे विचारायला शिकवले. ज्याला जे हवे होते ते मागणारे वाक्य मिळाल्यावर त्रासदायक वर्तन झपाट्याने कमी झाले. हीच वाक्ये अदलाबदल करून शिकवली, तर मात्र उपयोग झाला नाही. अर्थात 'नम्रपणे बोलावे' असा सर्वसाधारण उपदेश पुरेसा नसतो. त्या मुलाच्या नेमक्या गरजेचे वाक्य त्याच्या तोंडी यावे लागते.

आपल्या वाचनाच्या मुलाला 'आज नको, उद्या वाचतो' असे म्हणण्याची मुभा द्यावी, आठवड्यातून दोनदा, आणि ती विनाशब्द मान्य करावी. उद्याच्या चार ओळी आदल्या दिवशी नेमून द्याव्यात म्हणजे त्या घरून वाचून येता येतात. जोडाक्षरांसाठी रोज दहा मिनिटे वेगळी द्यावीत. येथे एक व्यवहार ध्यानात ठेवावा : नवी रीत जुन्या खोडीपेक्षा सोपी असली पाहिजे आणि लवकर फळली पाहिजे. मुलाने हात वर करून पाच मिनिटे वाट पाहावी आणि शेजाऱ्याला कोपर मारताच पाच सेकंदांत सुटका व्हावी, असे असेल तर तो कोपरच मारील.

लक्ष वेधणाऱ्या मुलाच्या बाबतीत खोडीकडे दुर्लक्ष आणि चांगल्या वागण्याकडे भरपूर लक्ष, असा उपाय सांगितला जातो. तो बरोबर आहे, पण त्यात एक टप्पा असा येतो की तेथे बहुतेक जण हात टेकतात. आजवर खोडी केली की मिळत असलेले लक्ष एकाएकी बंद झाले, तर मूल प्रथम खोडी वाढवते. आधी टेबल वाजवत असेल तर आता ओरडते. पाहणाऱ्याला वाटते, उपाय उलटला. मग आपण चिडून बोलतो, आणि मुलाला कळते की टेबल वाजवून भागत नाही, ओरडावे लागते. कधी द्यायचे आणि कधी नाही, अशी धरसोड तर त्याहून वाईट; अधूनमधून फळणारी खोडी सर्वांत चिवट असते. हा वाढीचा काळ सर्वांनी मिळून निभावून नेण्याची तयारी नसेल तर दुर्लक्षाचा उपाय सुरूच करू नये. आणि मारामारी, दगडफेक, स्वतःला इजा यांकडे दुर्लक्ष करणे हा उपाय कधीच नव्हे. तेथे आधी मुलांना सांभाळावे, वही नंतर.

वर्गाच्या बाजूचा रकाना

पहिल्या रकान्याबद्दल थोडे अधिक लिहिणे मला आवश्यक वाटते. 'आधी काय घडले' हे लिहिताना आपण मुलाकडेच पाहत राहतो. पण त्या रकान्यात शिक्षक, वर्ग आणि शाळा यांचेही वागणे येते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत आपल्या शाळेविषयी लिहिले आहे. बसायला स्वतःचे गोणपाट, तेही कोपऱ्यात. सायंकाळी ते घरी न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचे. तहान लागली तर शिपायाने नळ उघडल्याशिवाय पाणी नाही. अशा स्थितीत बसलेले एखादे मूल दुपारी चुळबुळ करू लागले असते तर शेऱ्यात काय लिहिले गेले असते, याचा विचार करावा. शिपाई आज रजेवर आहे, ही गोष्ट त्या शेऱ्यात आली नसती.

तो काळ गेला, पण पहिला रकाना रिकामा ठेवण्याची सवय गेलेली नाही. 'शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे आहेत, त्यांनी उभे राहा', असे भर वर्गात म्हटले गेले की काही मुलांच्या माना खाली जातात आणि मागून कोणीतरी कुजबुजते. त्यानंतरच्या तासाला हाणामारी झाली, तर शेऱ्यात हाणामारीच लिहिली जाते. हेच फॉर्म वर्गशिक्षकांनी मधल्या सुट्टीत एकेकाला बोलावून भरून घेतले तर काहीच बिघडत नाही. पालकांनी शाळेत भांडायला जाण्यापेक्षा अशा दोन-तीन नोंदी तारखेसह घेऊन मुख्याध्यापकांना भेटावे, असे मला सुचवावेसे वाटते. वार, वेळ आणि प्रसंग लिहिलेला असला की बोलणे मुद्द्यावर राहते.

प्रसंगाच्या बऱ्याच आधीच्या गोष्टीही कधी कधी पहिल्या रकान्यात येतात. रात्री घरात भांडण झाले, झोप झाली नाही. शनिवारी सकाळची शाळा असते, मूल उपाशी आले. या गोष्टी खोडी घडवून आणत नाहीत. त्या दिवशी मुलाची सहनशक्ती कमी करून ठेवतात. एखाद्या मुलाच्या नोंदी शनिवारीच गर्दी करीत असतील तर प्रवचनाऐवजी केळे द्यावे.

वहीच्या पलीकडे

काही बाबतींत आपली वही पुरी पडत नाही. नजर आणि कान आधी तपासून घ्यावेत. सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची आरोग्य तपासणी २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली होते. त्या दिवशी मूल गैरहजर राहणार नाही एवढे पालकांनी पाहावे. नियमित सराव देऊनही वाचन-लेखन पुढे सरकत नसेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र मिळाल्यास शालान्त परीक्षेत जादा वेळ व इतर सवलती मिळतात. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात अशी तपासणी होते. आपल्या वस्तीत पालक या गोष्टीला 'वेडाचे सर्टिफिकेट' समजून घाबरतात. त्यांना घरी जाऊन समजावून सांगावे लागते, सभेत सांगून भागत नाही.

चांगले चाललेले मूल एकाएकी गप्प झाले, घरी जायला किंवा एखाद्या माणसाजवळ जायला घाबरू लागले, तर प्रयोजनाचा तक्ता मांडत बसू नये. विश्वासातल्या ताईने त्याच्याशी एकांतात बोलावे. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक अभ्यासिकेच्या दारावर लावलेला असावा.

मारण्याबद्दल वेगळे लिहिण्याची गरज पडू नये. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ याच्या कलम १७ प्रमाणे शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई आहे. 'मार दिल्याशिवाय आमची मुले ऐकत नाहीत' असे काही पालक स्वतःच येऊन सांगतात. मारानंतर मूल गप्प होते हे त्यांचे निरीक्षण खरे आहे. मात्र तिसऱ्या रकान्यात 'गप्प झाला' याच्यापुढे 'धडा वाचला का?' हेही लिहून पाहण्यास त्यांना सांगावे.

कार्यकारी मंडळापुढे माझी सूचना अशी आहे. यापुढे कोणाही मुलाचे नाव अभ्यासिकेच्या यादीतून कमी करण्याआधी त्याच्या दोन आठवड्यांच्या नोंदी आणि एक बदल करून पाहिल्याचा निष्कर्ष मंडळापुढे ठेवण्यात यावा. यासाठी प्रत्येक गटाला एक शंभर पानी वही पुरे. वही कपाटात कुलुपात ठेवावी, कारण तिच्यात मुलांची नावे असणार. ती इतर मुलांच्या किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हाती पडू नये. दर पंधरवड्याच्या रविवारी शिकवणारे दादा-ताई आणि नोंद ठेवणारे विद्यार्थी यांनी अर्धा तास एकत्र बसावे, आणि ज्या मुलाविषयी बोलणे चालले आहे त्याच्या आईला त्या बैठकीला बोलवावे. आई दिवसभर कामावर असते, म्हणून बैठकीची वेळ तिला विचारून ठरवावी.